चुन्यावरची रेघ

अनसिंगला माझ्या सासऱ्यांच्या घरी स्टीलचं एक पिंप आहे, ओट्यावर खिडकीखाली ठेवलेलं. ते माझ्या साडूनं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं करून दिलेलं आहे. त्यातलं पाणी मला आजवर कधी गोड लागलेलं नाही.

घरी कोणी पाहुणा आला की सासरे आधी जय भीम करतात, मग पाणी देतात आणि मग त्याचा दंड धरून त्याला पिंपापाशी नेतात. "याले जोड कुठं हाय, दाखवा बरं," म्हणतात. पाहुणा बिचारा पिंपाच्या चारही अंगांनी बोट फिरवतो. सांधा काही सापडत नाही. सासरे असे खूश होतात की जसं काही पिंप त्यांनीच केलं. मग सांगतात, लहान्या जवायाच्या हातचं आहे. आणि हा पाहुणा ज्या फाटकातून आत आलेला असतो ते फाटक मी केलेलं आहे. त्याचे सांधे कोणाला शोधायला सांगावं लागत नाही, ते रस्त्यावरूनच दिसतात. त्या फाटकाला सासऱ्यांची बकरी बांधलेली असते.

मी जळतो. आडपडदा कशाला ठेवू? साडूचं चांगलं झालेलं ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, आणि हे दुखणं ओव्याच्या पाण्यानं जात नाही. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. दारू पीत असता, बायकोवर हात टाकत असता, निदान तोंडाचा फटकळ असता, तर मी चारचौघांत नाक वर करून बसलो असतो. पण तो यातलं काहीच करत नाही. मला भाऊ म्हणतो, माझ्या पाया पडतो, कारण नात्यात मी मोठा. त्यानं पाया पडून मान वर केली की मला अजूनच राग येतो.

वेल्डरचा कोर्स दोघांनीही केलेला. मी कोर्स झाल्यावर मेडशीत रस्त्याला लागून दुकान टाकलं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जो येईल त्याचं काम. तो पुण्याकडे गेला आणि दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं राहिला. आईबाप थकले तेव्हा किन्हीराजाला परत आला आणि घराच्या बाजूला शेड टाकून त्यानं आर्गनचं मशीन लावलं. आर्गन म्हणजे गॅसचं वेल्डिंग. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार. त्यावर पातळ स्टील जोडता येतं, अठरा गेजचा पत्रासुद्धा, आणि हात बसलेला असेल तर सांधा दिसत नाही.

तो परत आल्यावर दोन महिन्यांच्या आत मीही अकोल्याहून आर्गनचं मशीन आणलं. गरज होती म्हणून नाही, त्याच्याकडे होतं म्हणून. विकणाऱ्यानं मला मशीनवरची सगळी बटणं समजावून सांगितली. मी हो हो म्हणत होतो आणि मशीन टेम्पोत चढवायची घाई करत होतो. पंधरा वर्षं वेल्डिंग करणाऱ्याला बटणं कोणी शिकवायची? त्यातल्या दोन बटणांना मी नंतर कधी हातही लावला नाही. ती शून्यावर होती, शून्यावरच राहिली.

माझी बायको गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. दहा बाया आहेत. विहाराच्या बाजूच्या खोलीत त्या सोयाबीनचं दूध काढून त्याचं पनीर करतात. आमच्याकडे सोयाबीन पोत्यानं पिकतं, पण ते खायचं कसं हे या बायांनीच गावाला दाखवलं. सुरुवातीला घरोघरची ॲल्युमिनियमची गंजं, म्हणजे पातेली, आणून काम चालायचं. मग मालेगावकडच्या एका निवासी शाळेनं रोज पनीर घ्यायची तयारी दाखवली. पण त्यांची अट होती की माल स्टीलच्या टाकीतच झाला पाहिजे. शाळेच्या मॅडम स्वतः येऊन जागा आणि टाकी बघणार आणि मगच होय की नाही ते सांगणार होत्या.

टाकी कोणाकडून करायची यावर गटात बोलणं निघालं. बाया म्हणाल्या, किन्हीराजाहून करू, तुझ्या बहिणीच्याच घरचं तर आहे. तेव्हा माझी बायको सगळ्यांसमोर बोलली होती, "माह्या घरात वेल्डर असतानी मी किन्हीराजाले कायले जाऊ?" हे तिनं मला सांगितलं नाही. शेजारच्या बाईनं सांगितलं. ते ऐकून मी दिवसभर शिट्टी वाजवत होतो. तेव्हा आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती, त्यात तिनं माझ्यासाठी टाकलेला असा शब्द मला दुसरा आठवत नाही. त्या टाकीवर आता शाळेचं काम तर होतंच, पण तिचा शब्दही होता.

टाकी मी चार दिवसांत केली. शंभर लिटरची, चौकोनी, खाली तोटी. पॉलिश मारून अशी चमकवली की बायांनी तिच्यात तोंडं पाहिली. एकीनं तर पदर नीट केला. माझ्या बायकोनं टाकी पिकअपमध्ये ठेवताना खाली आपली जुनी सतरंजी अंथरली. मला तेवढंच पुष्कळ होतं. त्या दिवशी मी घरी मुद्दाम म्हणालो की सांधा सापडतो का बघा म्हणावं तुझ्या बापाला. ती हसली.

दुसऱ्याच दिवशी टाकी गळाली.

फार नाही, थेंब थेंब. पण सोयाबीनचं दूध बारीक भेगेत शिरलं की तिथंच आंबतं, आणि मग घासा, उकळतं पाणी ओता, वास जात नाही. बायकोनं निरोप पाठवला. मी टाकी दुकानात परत आणली आणि चुना काढला.

आमच्याकडे बारीक भेग शोधायची ही जुनी रीत आहे. सांध्यावर बाहेरून खायचा चुना पातळ फासायचा आणि वाळू द्यायचा. मग आतून त्याच जागी डिझेलचा बोळा फिरवायचा. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता रेशनवर रॉकेल येत नाही म्हणून डिझेल. भेग डोळ्याला दिसत नसली तरी डिझेल तिच्यातून वाट काढतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट रेघ उमटते. सांधा चांगला असेल तर चुना पांढराच्या पांढरा राहतो. चुना कोणाची भीड ठेवत नाही.

मी डिझेल फिरवलं आणि बिडी पेटवायला बाहेर गेलो. परत आलो तर चारही कोपऱ्यांत, जिथं जिथं मी सांधा संपवून टॉर्च उचलला होता तिथं तिथं, चुन्यावर एकेक चांदणी उमटली होती. मध्ये बारीक खड्डा आणि त्यातून फुटलेल्या तीन-चार रेघा. बाकी सांधा कोरडा होता. फक्त शेवट फुटला होता.

मी त्या चांदण्यांवरच पुन्हा माल चढवला. डिझेल लावलं, रेघ आली. अजून चढवला, अजून आली. तिसऱ्या वेळी तर आधी नव्हती तिथंही आली. मग मी पत्रा विकणाऱ्याच्या नावानं सुरू झालो, की त्यानं हलका माल माथी मारला, गॅसमध्येही भेसळ असते आजकाल, आणि आपल्या लायनीचं व्होल्टेज तर काय विचारूच नका. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, नाचता येईना अन् आंगण वाकडं. एवढं बोलून ती गेली. मी हातातला हातोडा पत्र्याच्या भिंतीवर फेकून मारला. भिंतीला पोचा पडला, तो अजून आहे.

शनिवार होता. मॅडम सोमवारी येणार होत्या. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली की मी जवाईबापूले फोन केला, ते उद्या येतात. मी म्हणालो, माझ्या दुकानात त्याचा पाय नको. ती म्हणाली, ठीक आहे, टाकी किन्हीराजाला नेते. म्हणजे सगळ्या मेडशीनं बघायचं, की नवऱ्यानं नासवलेली टाकी बाई पिकअपमध्ये घालून मेव्हण्याच्या दारी निघाली. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, येऊ दे.

रविवारी सकाळी साडू मोटरसायकलवर आला. पाठीवर पिशवी, तिच्यात त्याचा चष्मा, हातमोजे आणि तारेचं पुडकं. आधी माझ्या पाया पडला. मग टाकीपाशी उकिडवा बसला आणि कोपऱ्यातल्या एकेका चांदणीवरून अंगठा फिरवू लागला. मी वाट बघत होतो की हा आता काहीतरी लागट बोलेल. तो म्हणाला, "भाऊ, हात लय साफ हाय तुमचा. फक्त शेवटी झटका देऊन उचलता."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला झोंबलं. लोखंडाच्या रॉड वेल्डिंगमध्ये शेवटी रॉड झटक्यात उचलायचा असतो. पंधरा वर्षांत तो झटका माझ्या मनगटात मुरला होता. पण पातळ स्टील तसं चालत नाही, त्यानं सांगितलं. शेवटच्या टोकाला वितळलेला थेंब असतो, तो एकदम उघडा पडला की काठाकडून आत आकसतो, मध्ये खड्डा पडतो आणि खड्डा फुटतो. म्हणून टोकाला आलं की तारेचा एक थेंब जास्तीचा द्यायचा, बोटाच्या पेराएवढं उलटं आपल्याच सांध्यावर यायचं, आणि आच हळूहळू उतरवायची. आच विझली तरी टॉर्च हलवायचा नाही. वरून गॅस येत असतो, तो थांबेपर्यंत तिथंच धरायचा. आणि फुटलेल्या जागेवर कधी माल चढवायचा नाही. भेग आधी मुळापासून घासून काढायची, नाहीतर ती खालून परत वर येते. हे सगळं तो माझ्याकडे बघून सांगत होता. मग त्यानं माझ्या मशीनवरची ती दोन बटणं फिरवली, शून्यावरची. एक आच उतरवायचं होतं, दुसरं गॅस मागे चालू ठेवायचं.

माझी बायको बाजूला उभी राहून ऐकत होती. तिच्या तोंडावर असा काही उजेड पडला की बस. म्हणाली, "म्हंजे दूध उतू जायच्या आधी आपन गॅस बारीक करतो तसंच नाई का जवाईबापू?" तो हसून म्हणाला, तसंच ताई, बरोबर तसंच. आणि ती हसली. मोकळं, दात दिसतील असं हसली. मला त्या हसण्याचा जो राग आला तो सांगता येत नाही. सतरा वर्षांत माझ्या धंद्यातली एक गोष्ट मी तिला अशी सांगितली नव्हती की ती ऐकून तिला हसू यावं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि ती दोन बटणं तर माझ्याच मशीनवर होती!

साडूनं फुटलेले कोपरे घासून काढले. दोन उभे सांधे त्याला मुळातूनच नीट वाटले नाहीत, तेही त्यानं घासून उघडले. मग पाठमोराच हात मागे करून म्हणाला, भाऊ, तारेचा ब्रश द्या बरं.

माझ्या दुकानात दोन ब्रश होते. एक भिंतीवर खिळ्याला टांगलेला, जुना. त्यानं मी आदल्या आठवड्यात जी.आय. पाइपचं फाटक घासलं होतं. जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. त्या ब्रशच्या तारांत जस्ताची करडी भुकटी भरलेली होती. दुसरा ब्रश नवा, स्टीलच्या तारांचा, कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेला. तो फक्त स्टीलसाठी. त्याला मी दुसऱ्या कामाला कधी काढत नसे.

का ते सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मी एका दवाखान्याच्या जिन्याचा स्टीलचा कठडा केला होता आणि तो जी.आय.च्या खांबांना जोडला होता. आठवड्यात फुटला. अकोल्याला सिलिंडर भरायला गेलो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला समजावलं, की स्टीलचा खरा वैरी जस्त. तापल्या स्टीलला जस्त लागलं की ते वितळून आत शिरतं, आणि थंड होताना स्टील तडकतं. नुसती भुकटी लागली तरी पुरे. तेव्हा मी बायकोला तो नवा ब्रश आणायला लावला. ती त्या दिवशी गटाच्या कामानं अकोल्याला गेली होती. मी चिठ्ठी लिहून दिली आणि दहादा बजावलं की स्टीलच्याच तारांचा आण, आणि कागद काढू नको.

म्हणजे मला माहीत होतं. आमच्या दोघांत ही एक गोष्ट होती जी त्याच्याइतकीच मलाही माहीत होती. त्यानं मागे हात केला, आणि मी खिळ्यावरचा ब्रश काढून त्याच्या हातात दिला.

विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो. कपाट माझ्या डाव्या हाताला होतं, एका पावलावर. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, याच्याही सांध्यावर रेघ येऊ दे. ती टाकी माझ्या बायकोची आहे, तिच्यावर तिचा शब्द आहे, हे त्या घटकेला माझ्या डोळ्यापुढं नव्हतंच. मला अनसिंगचं पिंप दिसत होतं.

त्यानं न बघता ब्रश घेतला आणि दोन्ही उभ्या सांध्यांच्या कडा जोर लावून घासल्या. भावाच्या दुकानातला ब्रश होता, तो कशाला बघेल? मग त्यानं चष्मा लावला आणि काम सुरू केलं. मी काळी काच डोळ्यांपुढं धरून बघत राहिलो. काय हात होता! मनगट हलत नव्हतं, तार एका तालात थेंब देत होती. एकदोन ठिकाणी सांध्यावरून बारीक पांढरा धूर निघाला. जस्ताचा धूर असाच असतो. त्याला वाटलं असेल की आत राहिलेलं दूध जळतंय. मी काच अजून जवळ धरली. टोकाला आल्यावर तो पेरभर मागे सरकला, आच उतरत उतरत विझली, आणि तो टॉर्च तसाच धरून गॅस थांबेपर्यंत बसून राहिला. सांधा सोनेरी-निळा दिसत होता, जवळजवळ नव्हताच.

बायकोनं स्वतः चुना फासला. तो वाळेपर्यंत तिनं चहा केला. मग साडूनं आतून डिझेल फिरवलं आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाजूनं बसून बघत राहिलो.

कोपरे पांढरेच राहिले. पण उभ्या सांध्याच्या बाजूनं, अगदी कडेला लागून, एक रेघ सुरू झाली. वीतभर गेली. मग दुसऱ्या सांध्यालाही आली.

मला आनंद झाला. लपवून काय करू, झाला. आणि तेवढ्यात मी बायकोकडे पाहिलं. ती चुन्यानं भरलेली बोटं तशीच हवेत धरून बसली होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. उद्या सकाळी दहा बायांना आणि त्या मॅडमला काय सांगायचं ते ती मनातल्या मनात जुळवून बघत होती आणि ते तिला जुळत नव्हतं. तिचा चेहरा मला वाचता येतो. आनंद तिथंच विझला.

साडू रेघेजवळ वाकला. शेवट फुटणं वेगळं आणि असं कडेनं फुटणं वेगळं, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं ब्रश उचलला, तारा आपल्या तळहातावर घासल्या आणि हात उजेडात धरला. तळहात करडा झाला होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. ब्रश खाली ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "ताई, चूक माही हाय. ब्रश पाहून घ्यायले पाहिजे होता मी."

त्यानं मला पाठीशी घातलं. बायकोसमोर त्यानं मला उघडं पाडलं असतं तर मी भांडलो असतो, आरडाओरडा केला असता, आणि संध्याकाळपर्यंत मला माझंच खरं वाटलं असतं. पण त्यानं माझं पाप आपल्या अंगावर घेतलं, आणि मी तेही त्याच्याहून चांगलं करू शकत नव्हतो. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मी जळलो.

ब्रश हा शब्द ऐकला आणि बायको उठली. कपाटापाशी गेली, कपाट उघडलं, आणि कागदात गुंडाळलेला नवा ब्रश काढून टेबलावर, जुन्या ब्रशच्या शेजारी ठेवला. कागदावर अकोल्याच्या दुकानाचा शिक्का होता. तिनंच आणलेला, दहादा बजावून. दोन्ही ब्रश टेबलावर होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

साडू म्हणाला की मी जरा तोंड धुऊन येतो. मी म्हणालो, थांब.

"ब्रश मी देल्ला," मी म्हणालो. "हा जस्ताचा हाय, मले माहीत होतं. माहीत असून देल्ला."

बाहेरून एसटी गेली. बायकोनं विचारलं, "टाकी कोनाची होती?"

"तुही," मी म्हणालो.

"मंग?"

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. कुंपण काय उत्तर देणार?

तिनं पदराला बोटं पुसली. साडूकडे वळून विचारलं की आता काय करावं लागेल. तो म्हणाला, जस्त आत शिरलंय, घासून भागणार नाही, दोन्ही कडांच्या पट्ट्या कापून नव्या टाकाव्या लागतील, चार-पाच तासांचं काम आहे, मी करतो. तेव्हा ती बोलली, आवाज न चढवता. "तुमी नाई. टाकी हे करतीन. तुमी निस्तं बसून सांगा, जवाईबापू. आन हे ऐकतीन."

मी ऐकलं. यापेक्षा तिनं मला गावासमोर चपलेनं मारलं असतं तर सोपं गेलं असतं. मी पट्ट्या कापल्या, नवा पत्रा मापात काढला, टेबल पुसून काढलं, नव्या ब्रशचा कागद सोडला. साडू स्टुलावर बसला होता. तो सांगायचा आणि मी करायचो. भाऊ, टाके दोन-दोन बोटांवर घ्या. भाऊ, मधून सुरू करा, पत्र्याले सरकायले जागा ठेवा. दोनदा माझा हात सवयीनं झटका द्यायला गेला आणि दोनदा तो हळूच म्हणाला, थांबा. टोकाला आलो की मी पेरभर मागे यायचो, आच उतरायची, विझायची, आणि मी टॉर्च धरून त्या गॅसचा सूं सूं आवाज ऐकत बसायचो. पाच-सहा सेकंदांचं काम, पण माझ्यासारख्या माणसाला ते फार लांब वाटतं. आपलं काम झालेलं असतं, तरी तिथंच थांबायचं असतं. बायको दारात बसून सोयाबीन निवडत होती. मान वर करत नव्हती, पण टॉर्चचा आवाज बंद झाला की तिचे हात थांबायचे.

ऊन कलतं झालं तेव्हा चुना फासला, वाळवला, डिझेल फिरवलं. आम्ही एक तास बसलो. चुना पांढरा राहिला. साडू उठला, माझ्या पाया पडायला वाकला, आणि मी त्याचे खांदे धरून त्याला वर उचललं. त्याला काय वाटलं कोण जाणे. मला त्या दिवशी ते पाया पडणं सोसलं नसतं. तो किन्हीराजाला निघून गेला. त्यानं हे आपल्या बायकोला सांगितलं नाही, अनसिंगलाही सांगितलं नाही. आजतागायत नाही.

टाकी सोड्यानं आणि उकळत्या पाण्यानं तीनदा धुऊन रात्रीच्या आत खोलीत पोचली. सोमवारी मॅडम आल्या, टाकीत वाकून पाहिलं, वास घेतला आणि होय म्हणाल्या. टाकी कोणी केली असं त्यांनी विचारलं तेव्हा बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. घरात वेल्डर आहे, हा शब्द तिनं पुरा केला. पुढे एकदा सासरे आले होते. त्यांनी टाकीवरून अंगठा फिरवला, सांधा त्यांना लगेच सापडला, आणि ते भल्या मनानं म्हणाले की मजबूत दिसतो.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. साडूकडे आता मोठ्या शेडचं काम चालू आहे आणि मी अजून जळतो, फक्त आता जळताना मला लाज वाटते. जुना ब्रश मी फेकून दिला.

टाकी एकदाही गळाली नाही. तरी दर महिन्याच्या शेवटी, सुट्टीच्या दिवशी, बायको टाकी धुते, पाण्यानं काठोकाठ भरते आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर चुना फासते. मग बाजूला बसून बघते. मी तिथं असलो तर मलाही बसावं लागतं. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं की आता काहून लावते, टाकी काही गळत नाही.

"टाकी नाई गळत," ती म्हणाली, "मले माहीत हाय."

आणि तिनं चौथ्या कोपऱ्याला चुना लावला.